पिंग होतंय, पण दिसत नाही

२०२० चा जून. लॉकडाऊन सैल झाला होता, मी पुण्याहून इचलकरंजीला येऊन घरून काम करत होतो. आमच्या घराची पुढची खोली म्हणजे बाबांचं डीटीपीचं दुकान. लग्नपत्रिका, बारशाची आमंत्रणं, हँडबिलं, व्हिजिटिंग कार्डं. अडीच महिन्यांनी शटर वर गेलं आणि दुसऱ्याच दिवशी बाबांची हाक आली, "अरे, तो जुना दिसंना झालाय."

दुकानात दोन कॉम्प्युटर आहेत. जुन्यावर विंडोज एक्सपी, त्यात मराठी फॉन्टचा एक संच, आणि तो संच चालावा म्हणून मागे प्रिंटरच्या लांबड्या पोर्टात घातलेला डोंगल. हा पोर्ट असलेली मशीन आता मिळत नाही, डोंगलही दुसरा मिळणार नाही. दुसरा २०१८ मध्ये घेतलेला लॅपटॉप, विंडोज १० चा. पत्रिका जुन्यावर जुळवायची, तिचा प्रूफ नेटवर्कवरून लॅपटॉपवर ओढायचा आणि तिथून गिऱ्हाइकाला व्हॉट्सअॅपवर पाठवायचा, असा बाबांचा शिरस्ता. त्यातला मधला दुवा तुटला होता.

"इंजिनिअर हायस न्हवं? बघ की."

मी बघितलं. केबल बदलली. दोन्हीकडे वर्कग्रुपचं नाव एकच आहे ना हे पाहिलं. फायरवॉल बंद करून पाहिला. फोल्डरचं शेअरिंग काढलं, परत दिलं, सगळ्या जगाला परवानगी दिली. लॅपटॉपवरून जुन्याला पिंग केलं तर एका मिलिसेकंदात उत्तर. म्हणजे तार ठीक, पत्ता ठीक, माणूस घरात आहे, हाक मारली की 'ओ' देतोय. पण दाराशी जाऊन आत यायचं म्हटलं की लॅपटॉप ८००७००३५ हा आकडा दाखवून सांगायचा, असा रस्ताच सापडत नाही. दोन दिवस यात गेले. ऑफिसात मी ज्या सिस्टिम सांभाळतो त्या शेकडो सर्व्हरवर चालतात, आणि इथे सहा फुटांवरचा डबा मला सापडत नव्हता.

कारण सापडलं तेव्हा हसू आलं. विंडोज १० मध्ये २०१७ च्या शरदातल्या आवृत्तीपासून एक नियम आहे. फाइल शेअरिंगची एक जुनी बोली, जिला एसएमबी १ म्हणतात, ती मशीन चालू असतानाचे एकूण पंधरा दिवस कुणी वापरली नाही, तर विंडोज ती आपण होऊन काढून टाकतं. दुकान बंद होतं, एक्सपी बंद होता, पण लॅपटॉप रोज चालू होता. आईची भिशी त्यावर व्हिडिओ कॉलनं भरत होती. पंधरा दिवस मोजले गेले आणि भाषा गेली. एक्सपीला तेवढी एकच बोली येते. दोघे एकमेकांना पिंग करू शकत होते, पण बोलायला भाषा उरली नव्हती.

विंडोजच्या फीचर्सच्या यादीत एक चौकोन टिकला, मशीन रीस्टार्ट केलं, जुना दिसला. पाच मिनिटांचं काम. बाबा खूश, मी खूश. रात्री सहज वाचायला बसलो की ही बोली काढून टाकायची एवढी घाई का, आणि मग झोप उडाली. पण त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

१९८४ मध्ये आयबीएमनं आपल्या पीसीसाठी 'पीसी नेटवर्क' आणलं. त्यातलं हार्डवेअर आणि त्यावरची नेटबायोस ही व्यवस्था सायटेक नावाच्या कंपनीनं बनवली होती. एका ऑफिसात थोडे पीसी एका तारेवर असतील, एवढीच कल्पना. त्यामुळे नेटबायोसमध्ये कुठेही मध्यवर्ती नोंदवही नाही. मशीन सुरू झालं की ते तारेवर ओरडतं, "या नावाचं कुणी आहे का?" कुणी हरकत घेतली नाही तर ते नाव त्याचं. नावाला सोळा बाइट. पुढे त्यातला शेवटचा बाइट, मशीन काय काम करतं हे सांगायला राखला गेला आणि माणसांना पंधरा अक्षरं उरली.

त्याच सुमाराला आयबीएममधल्या बॅरी फायगेनबॉम यांनी एक युक्ती लिहिली. प्रोग्रॅमनं डिस्कवरची फाइल उघडायला सांगितली, की ती विनंती मध्येच पकडायची, एका ठरावीक साच्याच्या निरोपात बांधायची आणि तारेवरून दुसऱ्या मशीनकडे पाठवायची. प्रोग्रॅमला वाटतं फाइल इथेच आहे. या निरोपाच्या साच्याचं नाव सर्व्हर मेसेज ब्लॉक, म्हणजेच एसएमबी. आधी फायगेनबॉमनी त्याला स्वतःच्या आद्याक्षरांवरून 'बीएएफ' म्हटलं होतं असं सांगतात. मायक्रोसॉफ्टनं ही कल्पना उचलली, वाढवली, लॅन मॅनेजरमध्ये घातली, ओएस/२ साठी तिच्यात भर टाकली. हे ओएस/२ लक्षात ठेवा, ते पुढे येणार आहे. ते तेव्हा आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट मिळून बनवत होते.

१९९२ मध्ये विंडोज फॉर वर्कग्रुप्स आलं आणि फाइल शेअरिंग सर्व्हर नसलेल्या साध्या ऑफिसांतही शिरलं. मग १९९५ मध्ये डेस्कटॉपवर 'नेटवर्क नेबरहूड'चं चित्र आलं. नेबरहूड म्हणजे शेजार, मोहल्ला. हे नाव मला फार आवडतं, कारण आतला कारभार खरोखर मोहल्ल्यासारखाच आहे.

तिथे निवडणुका होतात. थट्टा नाही, प्रोटोकॉलमध्ये शब्दच 'इलेक्शन' असा आहे. मोहल्ल्यात कोण कोण आहे याची यादी कुणीतरी ठेवायला हवी, म्हणून मशीन आपापसांत एक 'मास्टर ब्राउझर' निवडतात. कुणालाही मास्टर सापडला नाही की तो निवडणूक पुकारतो. मग प्रत्येक जण आपली पात्रता सांगतो. आधी ऑपरेटिंग सिस्टिम कुठली ते बघायचं. एनटी सर्व्हर घरच्या विंडोजला हरवणार. बरोबरी झाली तर कोण जास्त वेळ चालू आहे. तिथेही बरोबरी झाली तर नावाचं वर्णानुक्रमानं पहिलं अक्षर. निवडून आलेल्या मशीनला तुम्ही रात्री बटण दाबून बंद केलंत, की मोहल्ला पोरका आणि पुन्हा निवडणूक.

शिवाय प्रत्येक मशीन दर बारा मिनिटांनी आपण आहोत असं कळवतं. तीन वेळा कळवलं नाही तरच त्याचं नाव कटतं, म्हणजे छत्तीस मिनिटं. मास्टरची यादी मदतनिसांकडे दर पंधरा मिनिटांनी जाते. बेरीज करा. बंद झालेला कॉम्प्युटर यादीत एक्कावन्न मिनिटांपर्यंत दिसत राहू शकतो. ज्यांनी नव्वदीत किंवा त्यानंतर सायबर कॅफे चालवले, त्यांना हे भुताचे खेळ आठवत असतील. चालू असलेला दिसत नाही, बंद केलेला दिसतो. "थोडा वेळ थांब, येईल" हा सल्ला अडाणीपणाचा वाटायचा, पण प्रोटोकॉलनुसार तो अगदी शास्त्रशुद्ध होता.

आता कॅनबेरा. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत पीएचडी करणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेल यांच्यापुढे १९९१ च्या अखेरीस एक क्षुल्लक अडचण होती. त्यांच्या डॉस पीसीवर डिजिटल कंपनीचं पाथवर्क्स नावाचं सॉफ्टवेअर होतं, त्यांना तो पीसी युनिक्स मशीनच्या डिस्कशी जोडायचा होता. प्रोटोकॉलचे कागद हाताशी नव्हते. त्यांनी तारेवर काय जातंय-येतंय ते पकडणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, आणि पीसी काय विचारतो, सर्व्हर काय सांगतो हे बघत बघत स्वतःचा सर्व्हर लिहून काढला. जानेवारी १९९२ मध्ये तो लोकांना देऊन टाकला आणि ते अभ्यासाला लागले. आपण पाथवर्क्सची नक्कल केली आहे असं त्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात ते एसएमबी बोलत होते.

जवळजवळ दोन वर्षांनी त्यांना घरातले दोन कॉम्प्युटर जोडायचे होते. पत्नीचा विंडोजचा आणि स्वतःचा लिनक्सचा. दुसरा चांगला मार्ग सापडेना म्हणून त्यांनी आपला जुना सर्व्हर लावून बघितला, आणि तो चालला. याचं आश्चर्य सगळ्यात जास्त त्यांनाच वाटलं. या प्रसंगावर मी बराच वेळ थांबलो होतो. जगभरच्या कारखान्यांत, बँकांत, विद्यापीठांत, बाजारात मिळणाऱ्या कितीतरी छोट्या स्टोरेज डब्यांमध्ये पुढे जे सॉफ्टवेअर गेलं, त्याला दुसरा जन्म मिळाला तो घरातल्या दोन मशीनची तोंडं दोन दिशांना होती म्हणून. माझ्या आणि त्यांच्या अडचणीत तसा काही फरक नव्हता. फक्त मी चौकोन टिकला आणि त्यांनी सर्व्हर लिहिला.

त्या सर्व्हरचं तेव्हाचं नाव दुसऱ्या कंपनीच्या ट्रेडमार्कशी जुळत होतं, म्हणून नवं हवं होतं. ट्रिजेलनी कॉम्प्युटरमधल्या शब्दकोशाला आज्ञा दिली, ज्यात एस, एम, बी ही अक्षरं याच क्रमानं येतात असे शब्द काढ. त्यात 'सांबा' निघाला. ब्राझीलच्या नाचाचा त्याच्याशी एवढाच संबंध. आपल्याकडे ऐकणाऱ्याला आधी वडा आणि मग महादेव आठवतो, ते सोडा.

हे काम ते कसं करत, हे सांगताना ट्रिजेल फ्रेंच कॅफेचं उदाहरण देतात. भाषा येत नाही, पुस्तक नाही. शेजारच्या टेबलावर गिऱ्हाईक काय म्हणतो आणि वेटर काय आणून देतो एवढं ऐकत बसायचं. मग स्वतः एक शब्द उच्चारून बघायचा. वेटरनं भुवया उंचावल्या तर चुकलं. हजारो संध्याकाळी असं बसलं की भाषा येते. कोड चोरायचा नाही, करार मोडायचा नाही, नुसतं ऐकायचं. पुण्यात नवीन असताना पीएमटीच्या कंडक्टरशी बोलायला मी असाच शिकलो.

पण वेटर आपली भाषा दर वर्षी थोडी बदलत राहिला तर? १९९८ मध्ये सन कंपनीनं युरोपियन कमिशनकडे तक्रार केली की मायक्रोसॉफ्ट आपल्या सर्व्हरांच्या आपसातल्या बोलीची माहिती इतरांना देत नाही. मार्च २००४ मध्ये कमिशननं मायक्रोसॉफ्टला ४९.७ कोटी युरोचा दंड केला आणि माहिती द्यायला सांगितलं. मायक्रोसॉफ्ट कोर्टात गेलं. यानंतरचा भाग मला खरा इतिहास वाटतो. सननं एप्रिल २००४ मध्ये जवळपास दोन अब्ज डॉलरला समझोता केला. त्याच वर्षी नॉव्हेलनं केला, पुढच्या वर्षी रिअलनेटवर्क्सनं. मोठी माणसं एकेक करून उठून गेली. जे बसून राहिले त्यांत होते सांबाचे प्रोग्रॅमर, फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन युरोपच्या बरोबरीनं. त्यांना विकत घ्यायचं तर काय घेणार? त्यांचं सॉफ्टवेअर तर आधीच फुकट होतं.

लक्झेंबर्गच्या कोर्टानं १७ सप्टेंबर २००७ ला निकाल दिला, मायक्रोसॉफ्ट हरलं. त्याच डिसेंबरात सांबाच्या लोकांना प्रोटोकॉलचे कागद मिळाले, एकदाच भरायची फी दहा हजार युरो. सोळा वर्षं शेजारच्या टेबलावर कान लावून बसलेल्यांच्या हातात मेनूकार्ड आलं. आणखी चार वर्षांनी, २०११ मध्ये, मायक्रोसॉफ्टच्या इंजिनिअरनी सांबाला स्वतःहून कोड पाठवला. कंपन्या बदलतात हे मी नोकरीत पाहिलेलं आहे, पण त्या बहुधा आधी हराव्या लागतात.

एवढ्यात मायक्रोसॉफ्टला स्वतःलाच जुन्या एसएमबीचा कंटाळा आला होता. शंभरावर आज्ञा, एकावर एक रचलेली ठिगळं. २००६ च्या व्हिस्टाबरोबर त्यांनी एसएमबी २ लिहिलं, आज्ञा वीसच्या आत आणल्या. दोन मशीन भेटली की आधी आपल्याला कुठल्या कुठल्या बोली येतात ते सांगतात आणि दोघांना येणारी सर्वांत नवी निवडतात. सोय छान आहे. पण तिच्यामुळे जुनी बोली मरत नाही. कुठल्यातरी ऑफिसातला एखादा स्कॅनर, एखादा एक्सपी तिला जिवंत ठेवतो. सप्टेंबर २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टचे नेड पाइल, ज्यांच्याकडे एसएमबीचीच जबाबदारी होती, त्यांनी जाहीर लिहिलं की एसएमबी १ वापरणं थांबवा. आपल्याच मालाविरुद्ध इतकं कळकळीनं लिहिलेलं मी क्वचित वाचलंय. आठ महिन्यांनी सगळ्यांना कारण कळलं.

त्या कारणाचं नाव इटर्नलब्लू. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेकडचं हत्यार. मायक्रोसॉफ्टनं मार्च २०१७ मध्ये दुरुस्ती दिली, एप्रिलमध्ये 'शॅडो ब्रोकर्स' म्हणवणाऱ्या टोळीनं हत्यारच चव्हाट्यावर टाकलं. आणि भोक होतं कुठे? ओएस/२ च्या पद्धतीनं आलेली फाइलच्या गुणधर्मांची यादी एनटीच्या पद्धतीत बदलणाऱ्या एका छोट्या फंक्शनमध्ये. यादीची लांबी बत्तीस बिटांची, पण ती दुरुस्त करताना कोड फक्त खालचे सोळा बिट बदलायचा. मोठी यादी पाठवली की हिशेब चुकायचा, गरजेपेक्षा लहान जागा घेतली जायची आणि उरलेलं शेजारच्या मेमरीत सांडायचं. सांडतं कुठे हे नीट साधलं की मशीन तुमचं, पासवर्डची गरजच नाही. जी सिस्टिम जवळपास कुणी वापरत नव्हतं, तिच्या सोयीसाठी ठेवलेलं दार. मी रोज जे लिहितो त्यातही अशी दारं असणार. 'जुन्या क्लायंटसाठी राहू दे' अशी कॉमेंट मी स्वतः लिहिलेली आहे.

१२ मे २०१७, शुक्रवार. वॉनाक्राय सुटला. ब्रिटनमधल्या सरकारी दवाखान्यांना रुग्ण परत पाठवावे लागले. युरोपोलच्या हिशेबानं दीडशे देशांत दोन लाखांवर मशीन. परिस्थिती इतकी वाईट, की मायक्रोसॉफ्टनं तीन वर्षांपूर्वी वाऱ्यावर सोडलेल्या एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली. त्यानंतर २७ जूनला नॉटपेट्या. तो युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून शिरला आणि इटर्नलब्लू व चोरलेले पासवर्ड यांच्या जोरावर पसरला. मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा कोसळली, आणि तिच्या गटाकडे असलेलं आपल्या जेएनपीटीतलं टर्मिनलही. न्हावाशेवाला कंटेनरचं काम कॉम्प्युटरविना हातानं रेटावं लागलं. त्याच ऑक्टोबरात विंडोज १० मध्ये तो पंधरा दिवसांचा नियम आला.

हे सगळं मी त्या जूनच्या रात्री वाचलं. म्हणजे दुपारी मी बाबांच्या दुकानात जो चौकोन टिकला होता, तो नेमका हा दरवाजा. लॅपटॉपला निदान सगळ्या दुरुस्त्या मिळत होत्या. एक्सपीला २०१७ ची ती दुरुस्ती घातलेली नव्हती, आणि दुकानात दिवसाला दहा गिऱ्हाइकं येतात, प्रत्येकाच्या हातात पेन ड्राइव्ह. प्रामाणिकपणे सांगायचं तर मी ती एक दुरुस्ती शोधून घातली आणि चौकोन तसाच ठेवला. सकाळी तीन पत्रिकांचे प्रूफ जायचे होते. 'पुढच्या वेळी आलो की नीट करू.' ती पुढची वेळ यायला चार वर्षं लागली.

आली तीही नाइलाजानं. गेल्या दिवाळीच्या आधी लॅपटॉप गेला, बाबांनी विंडोज ११ चा नवा घेतला. मी आपला सवयीनं चौकोन शोधला, टिकला, आणि काही होईना. विंडोज ११ ची २०२४ ची आवृत्ती प्रत्येक निरोपावर सही मागते. एक्सपीची साधी शेअरिंग पद्धत सगळ्यांना पाहुणा म्हणून आत घेते, आणि पाहुण्याला सही नसते. सहीची अटही काढता येते, तसा रस्ता आहे. मी त्या स्क्रीनपर्यंत गेलो होतो.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"आधी जे केलं होतं ते चूक होतं," मी म्हणालो. चार वर्षांपूर्वीची सगळी गोष्ट सांगितली. सव्वीस वर्षांच्या पत्रिका त्या डब्यात आहेत. आजोबांच्या पंचाहत्तरीची आहे, माझ्या मुंजीची आहे. कितीतरी घरांतल्या थोरल्या लेकीची पत्रिका उघडून बाबा धाकटीची करतात, नावं बदलतात, 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' तसंच राहतं. बाबा ऐकून घेऊन एवढंच म्हणाले, "मग मला तवाच का नाही सांगितलंस?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी माझ्याकडे पडून असलेला रास्पबेरी पाय आणला. एक्सपीची तार राउटरमधून काढली आणि थेट पायला लावली. आता एक्सपीला इंटरनेट नाही, लॅपटॉप नाही, त्याच्या जगात फक्त हा एक डबा. पाय वायफायवरून लॅपटॉपशी बोलतो. त्यात सांबा टाकला. सांबानंही २०१९ पासून जुनी बोली मूळ सेटिंगमध्ये बंद ठेवली आहे, ती एका ओळीत चालू केली, जुन्या पद्धतीच्या पासवर्डसाठी आणखी एक ओळ. एक्सपी त्याच्याशी एसएमबी १ बोलतो, लॅपटॉप एसएमबी ३. रोज रात्री फोल्डरची प्रत बाहेरच्या डिस्कवर जाते. पायवर कुणी हल्ला करूच शकणार नाही असं मी म्हणत नाही. पण सव्वीस वर्षांची एकच प्रत एका म्हाताऱ्या हार्डडिस्कवर होती, ते तरी संपलं.

शेवटी नाव द्यायचं होतं. बाबांना दुकानाचं पूर्ण नाव हवं होतं, स्पेलिंग मोजलं तर एकोणीस अक्षरं.

"पंधराच चालतात," मी म्हटलं.

"का?"

"फार आधीपासूनचं ठरलंय ते."

बाबांनी थोडा विचार केला. "मग 'पत्रिका' ठेव," म्हणाले, आणि शटर वर करायला गेले.